कोणाची रूम पडली?

भिवापूरला होतो तेव्हा माय मिरच्यांची देठं खुडायला जायची. संध्याकाळी हातांची आग आग व्हायची. आम्ही पोरं रडलो तरी आमचे डोळे पुसायची तिला सोय नव्हती. बाबा गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. काम शहरात जास्त, म्हणून बिऱ्हाड नागपुरात सक्करदऱ्याला आणलं. भाड्याची एकच रूम. तिथूनच मी बी.ए. करायला निघालो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड आधी कोणी पाहिलं नव्हतं, हे मी मान वर करून सांगतो.

बाकी सगळं निघालं, प्राचीन जगाच्या इतिहासाचा पेपर तेवढा अडकला. तो निघाला तरच पदवी. पुन्हा बसायचं म्हणून मी मोठ्यानं घोकत होतो, रोम का पडले, रोम का पडले. बाबा मनीषनगरच्या साइटवरून आले आणि चपला काढता काढता थांबले.

"काहून गा, कोणाची रूम पडली?"

"रूम नाही बाबा, रोम. मोठं राज्य होतं."

"हां. मंग पाया कच्चा असन."

मी गाइड आपटलं. पोरगं रूमा काहून पडतात ते शिकून राहिलं, हे बाबांनी मोहल्लाभर सांगितलं. शेजारचे काका मला भिंतीची चीर दाखवायलाच घेऊन गेले. माझा विषय तो नाही म्हटलं, तर म्हणाले, पाहाले काय जाते तुह्यं?

पण खरी चीड गाइडची होती. त्यात कारणं दिलेली: भोगविलास, नैतिक अधःपतन, रानटी टोळ्या. मी ती आधीच्या पेपरात जशीच्या तशी उतरवली होती. प्रश्न मात्र असा होता, की पश्चिमेकडचं साम्राज्य कोसळलं, मग पूर्वेकडचं का टिकलं? साम्राज्याचे दोन भाग झाले होते, हेच गाइडात नव्हतं. आणि भोगविलास काय एकट्या पश्चिमेलाच होता? सरांना विचारलं, तर म्हणाले जास्त डोकं लावू नको, मुद्दे लिही. मुद्देच लिहिले होते. त्या मुद्द्यांनीच मी नापास झालो.

मग लायब्ररीतलं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं, शेजारी शब्दकोश. एका पानाला अख्खी सकाळ जायची. हळूहळू कळलं. आफ्रिकेचा सुपीक मुलूख पश्चिमेच्या हातून गेला, तिथला कर आणि धान्य बंद झालं. मग फौज कशावर पोसायची? फौज आटली तसे आणखी प्रांत गळाले. पूर्वेकडं इजिप्तचं धान्य येत होतं आणि राजधानीचा तट भक्कम होता. गोष्ट एवढी सरळ! गाइडवाल्याला दोन ओळी लिहिता आल्या नसत्या? याचा संताप मला आजही येतो.

बाबा जेवत होते. मी तणतणतच सांगितलं, पाया कच्चा नव्हता बाबा, रसद तुटली.

"मंग तसं लिहिजो पेपरात," ते म्हणाले. "आमच्यावर काहून तापून राहिला?"

पेपरात पुन्हा रोमच आलं. गाइडातलं एकही वाक्य न घेता मी मला कळलं तेवढं लिहिलं. निकाल लागला त्या दिवशी काकांनी गल्लीतूनच विचारलं, "निघाली का मंग तुही रूम?"

निघाली. इतिहास घेऊन मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी आहे.