क्लचमास्तर आणि अडलेली काच

सगळे त्यांना क्लचमास्तर म्हणत. हयातभर त्यांनी लोकांना गाडी शिकवली, आणि शिकवताना "क्लच! अहो, क्लच दाबा!" असं इतक्या जोरात ओरडले, की हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. फक्त त्यांची सून गाडी दुसऱ्याकडे शिकली. मास्तरांकडे पहिल्याच दिवशी तिला रडू फुटलं होतं. पुढे दोघांनीही तो विषय काढला नाही, पण बोलणं कामापुरतंच राहिलं.

मग एक दिवस मास्तरांनी किल्ली सुनेच्या हातात ठेवली. "गुडघे बोलायला लागलेत. आता तूच चालव."

गुडघ्यांना काही झालं नव्हतं. एका संध्याकाळी समोरचा सायकलवाला त्यांना अगदी जवळ आल्यावर दिसला होता. ब्रेक लागला, सायकलवाला शिव्या घालत निघून गेला, पण मास्तरांनी घरापर्यंतचा रस्ता पहिल्या गिअरमध्येच कापला. दिव्यांभोवती धुकं दिसतं, पाट्यांवरची अक्षरं पुसट होतात, हे सांगायचं कुणाला? मुलगा सदा फिरतीवर. आणि जन्मभर "रस्त्यावर डोळे ठेवा" म्हणून ओरडणाऱ्यानं हे सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

त्यातच गाडीची काच नखरे करायला लागली. ड्रायव्हरच्या बाजूचं बटण दाबलं, की काच निम्मी खाली यायची आणि कण्हत तिथेच अडून बसायची. पार्किंगच्या फाटकात तिकीट घ्यायला सुनेला दार उघडून अर्धं बाहेर वाकावं लागे. मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करत.

"उद्या गॅरेजला टाकते," ती म्हणाली.

"गॅरेज कशाला? घरीच बघू की," मास्तर बोलून गेले. आपण अजून काही कामाचे आहोत हे दाखवायची हौस, दुसरं काय!

रविवारी सकाळी अंगणात गाडी उभी केली. मास्तरांच्या सांगण्यावरून सुनेनं बॅटरीची काळी वायर काढली. मास्तरांनी हँडलमागचे स्क्रू बोटांनी चाचपून शोधले, दाराचं आतलं कव्हर कडेकडेनं उचकटलं. खटाखट प्लास्टिकच्या खुंट्या सुटल्या. हात सरावाचे होते, नजरेची फारशी गरज पडली नाही. काच ज्या रबरी खाचेतून सरकते ती मातीनं गच्च भरली होती, आणि काच वर-खाली नेणाऱ्या आतल्या पट्टीवरचं ग्रीस वाळून खडखडीत झालं होतं.

"बघ, बिचारी काच सरकणार कशी?" मास्तर खुशीत आले.

साबणाच्या पाण्यानं खाच पुसली, सुकवली, तिच्यावर सिलिकॉनचा फवारा मारला. पट्टीला नवं ग्रीस लावलं. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात एक स्क्रू मास्तरांच्या हातून निसटला. ते खाली बसून फरशी चाचपू लागले. इकडे हात, तिकडे हात. जीव रडकुंडीला आला.

सून बघत होती. शेवटी तिनं वाकून स्क्रू उचलला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"बाबा, तुमच्या पायाशीच होता."

मास्तरांनी स्क्रू डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"कधीपासून दिसत नाहीये?"

"दिसतं गं. धूसर दिसतं, एवढंच."

"आणि गुडघे?"

"ठणठणीत आहेत."

तिला हसू आवरेना. मास्तर आधी चिडले, मग त्यांनाही हसू आलं. हसता हसताच त्यांनी सायकलवाल्याची गोष्ट सांगून टाकली. सुनेचं हसू विरलं.

"म्हणून किल्ली दिलीत होय? मला वाटलं, माझ्यावर उपकार करताय."

"तू चांगली चालवतेस, म्हणूनही दिली," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "त्या दिवशी मी उगाच ओरडलो तुझ्यावर."

बॅटरीची वायर जोडून तिनं बटण दाबलं. काच पार खाली गेली, आवाज न करता वर आली. तिनं आणखी दोनदा खाली-वर करून पाहिली. "झालं. आता कव्हर लावा, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एकेक करून दोन्हींची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली तेव्हा भिंतींचा रंग इतका भडक असतो हे पाहून मास्तर चाट पडले. "गाडी चालवायला हरकत नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी अंधार पडल्यावर चालवायची नाही, हे मास्तरांनी आपलं आपणच ठरवलं. आता दिवसाउजेडी ते स्वतः गाडी घेऊन बाजारात जातात. संध्याकाळी कुठे जायचं असलं, की सुनेच्या शेजारी मुकाट्यानं बसतात. निदान तसा प्रयत्न तरी करतात.