विहिरीची ओ

असोद्याला आमच्याकडे विहिरीतल्या मोटारी दुरुस्त करायला एक मिस्तरी यायचा. कधी देवळात जायचा नाही, घरात एक तसबीर नाही. पण विहिरीत उतरण्याआधी चपला काढायचा, काठावर वाकायचा आणि अदबीनं विचारायचा, "उतरू का?" खालून त्याचाच आवाज घुमून वर आला, की मगच दोराला हात लावायचा.

मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "मिस्तरी, एवढे देव सोडून हाच निवडला?"

"देव काय बजारमा निवडतस, भाऊ? बठ्ठा देवसले हाका मारी थकनू. ओ यानीच दिधी."

मग एका दुपारी आमची मोटार बंद पडली. केळीचं पानही हलत नव्हतं. त्यानं नेहमीसारखं वाकून विचारलं. आवाज नेहमीसारखाच घुमून आला, मीही ऐकला. मिस्तरी मात्र झटकन मागे सरला. चपला घातल्या, पान्ह्यांची पिशवी उचलली.

"काय झालं?"

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आज त्यानी माले नई, तुमले बलावं."

मी देव मानत नाही. पण त्या विहिरीपाशी कोणी हाक मारली, तर अजूनही मी ओ देत नाही.