रविवारी बाग सेवनियाला जाणारी डिस्क

पिपलानीतल्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत कोणी नव्या नातवाचा फोटो दाखवला की बाकीचे लोक नाक कोणावर गेलं याची चर्चा करत. खानझोडे काका फोटो नीट बघत, "गोड आहे," म्हणत आणि विचारत, "हा आणखी कुठे ठेवलाय?" उत्तर "फोनमध्येच आहे" असं आलं, तर बाळाला ताप असल्याचं कळावं तशी काळजी त्यांच्या चेहऱ्यावर उमटे. या प्रश्नामुळे वसाहतीत त्यांचं नाव प्रतकाका पडलं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

काका मूळचे नागपूरचे. सारी नोकरी कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात गेली. तिथे मूळ नकाशे एका इमारतीत आणि त्यांच्या प्रती दुसऱ्या इमारतीत असत. एकदा पाइप फुटून नकाशांचं अख्खं कपाट भिजलं, तरी काम थांबलं नाही. हा प्रसंग सांगताना पाइप कसा फुटला, कोणी दुरुस्त केला, हे काका कधीच सांगत नसत. "पाइप काय बावा, फुटतातच," ते म्हणत. "प्रत दुसऱ्या छपराखाली होती, हे ऐका."

निवृत्तीनंतर हाच नियम त्यांनी संगणकाला लावला. दोन हार्ड डिस्क घेतल्या. एक घरी, दुसरी पलीकडच्या बाग सेवनिया भागात, मित्र पाठक सरांकडे. शनिवारी संध्याकाळी घरची डिस्क संगणकाशी तंतोतंत जुळवायची, म्हणजे तिथे जे नवं ते डिस्कवर घ्यायचं आणि तिथून जे पुसलं ते डिस्कवरूनही पुसायचं. रविवारी सकाळी नऊला ती मफलरमध्ये गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून, स्कूटरवरून सरांकडे पोचवायची. तिथली घेऊन साडेदहाला घरी यायचं आणि हातपाय धुण्याआधी तीही संगणकाला जोडून जुळवायची.

अडचण एकच होती. पाठकबाईंच्या घरून डबा रिकामा परत जात नसे आणि डब्यात डिस्क आहे म्हणजे तो रिकामा नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. एका रविवारी डिस्कच्या शेजारी चकल्या आल्या. काकांनी डिस्कचं तेल कापसाने पुसलं आणि पुढच्या खेपेपासून दोन डबे न्यायला सुरुवात केली.

आमच्या शेजारच्या सुनीता वहिनी तीन वर्षं वसाहतीतल्या जुन्या कामगारांच्या मुलाखती फोनवर ध्वनिमुद्रित करत होत्या. पहिली मुलाखत त्यांच्या वडिलांची. ते कारखान्यात वेल्डर होते आणि नंतर वर्षभरातच गेले. त्यांच्याखेरीज आणखी सहा जण आता हयात नव्हते. काकांनी वहिनींना एक सॉफ्टवेअर बसवून दिलं. फोनवर मुलाखत उतरली की ती आपोआप वहिनींच्या संगणकावर, काकांच्या संगणकावर आणि इंटरनेटवरच्या साठ्यात जायची. "चार ठिकाणी आहे," काका म्हणाले. "आता निर्धास्त झोप."

वहिनी इतक्या निर्धास्त झाल्या की एका शुक्रवारी फोन भरला तेव्हा त्यांनी जुन्या सगळ्या मुलाखती फोनवरून पुसल्या. तीन ठिकाणी आहेतच, असा हिशेब. तरीही जागा मोकळी होईना, म्हणून फोनमधली कचरापेटीही रिकामी केली. सॉफ्टवेअरचं काम चारही ठिकाणं सारखी ठेवण्याचं होतं. त्याने चारही ठिकाणी तेच केलं.

हे वहिनींना कळलं ते रविवारी साडेअकराला. त्यांनी काकांना चार फोन लावले. उचलले नाहीत. मग त्या तशाच स्वयंपाकाच्या हातांनी धावत निघाल्या. काका फाटकात स्कूटर उभी करत होते. त्यांनी पूर्ण हकिकत ऐकली आणि पायरीवर बसले.

"काल जुळवलेली डिस्क सकाळी सरांकडे दिली," ते हळू म्हणाले. "तिच्यात नसणार."

"मग दुसरी?"

"दुसरी ही. गेल्या आठवड्याची." त्यांनी मांडीवरचा डबा दाखवला. "रोजच्यासारखा साडेदहाला आलो असतो, तर एव्हाना हीसुद्धा कोरी केली असती."

"मग आला का नाहीत?"

"पाठकबाईंनी साबुदाण्याचे वडे केले होते. मी म्हटलं, उशीर होतोय. सर म्हणाले, 'अहो बैठो जरा, तुमची डिस्क काय उतू जातेय?' मी तीनदा घेतले. तिसऱ्यांदा तर मीच मागितले."

वहिनींना रडताना हसू आलं. काकांनी आधी संगणकावरचं सॉफ्टवेअर बंद केलं, मग डिस्क जोडली आणि फाइल उघडली. वेल्डरचा आवाज खोलीभर झाला: "सुनीते, हे चालू आहे का बंद?" सगळ्या मुलाखती होत्या. फक्त मधल्या आठवड्यातली एक नवी त्यात नव्हती, पण ती वहिनींनी पुसलीच नव्हती, फोनवर होती.

पुढच्या रविवारी मंडळाच्या सभेत, विषय गणपतीच्या मंडपाचा असताना, ते उठून म्हणाले, "चूक सुनीताची नाही, माझी. मी आरसा लावून दिला आणि तिला सांगितलं, ही तिजोरी आहे." मंडपवाल्याला काही कळलं नाही. त्यानंतर काकांनी तिसरी डिस्क घेतली. तिच्यात फक्त भर घालायची, पुसायचं काही नाही.

स्वतःची मुलाखत मात्र ते टाळत असत. "मी काय केलं? दुसऱ्यांच्या कामाच्या प्रती काढल्या." गेल्या वर्षी मुलाकडे पुण्याला कायमचं जायचं ठरलं, तेव्हा सामान बहुतेक बांधून झाल्यावर एका दुपारी वहिनींसमोर बसले आणि दोन तास बोलले. मुलाखत नेहमीप्रमाणे सगळीकडे पोचली, तिसऱ्या डिस्कवरही. दुसऱ्या सकाळी काका वहिनींच्या दारात हजर.

"सुनीता, शेवटाकडे एका साहेबाबद्दल मी काही बोललो. मिनिटभरच आहे. ते काढ."

"काका, तुम्ही म्हणताय, पुसा?"

"माणूस गेला आता. त्याची बाजू कोण सांगणार? सगळंच ठेवायचं नसतं गं."

मग दोघांनी ते मिनिट काढायला घेतलं. फोन, दोन संगणक, इंटरनेटवरचा साठा, घरच्या दोन डिस्क. बाग सेवनियातल्या डिस्कवर मुलाखत पोचलीच नव्हती, पण काकांचा भरवसा बसेना. ते उन्हात स्कूटर काढून तीही घेऊन आले. दिवस मावळेपर्यंत काम चाललं. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी होती.

मुलाखतींचं पुस्तक यंदा निघालं. काकांचं प्रकरण त्यात सर्वांत हसरं आहे. त्या मिनिटात काय होतं, हे वहिनींना आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने विचारून पाहिलं. त्या म्हणतात, "माझ्याकडे त्याची प्रत नाही."