कमी मिठाचं कालवण आणि तीन जिने

गाववाल्यांनो, आज माझी नात प्रणाली करंजाड्याच्या आमच्या बिल्डिंगचे तीन जिने न थांबता चढली. हसू नका. तीन महिन्यांपूर्वी ती पहिल्याच जिन्यावर बसायची.

जन्मापासून तिच्या हृदयाला भोक होतं. पाच वर्षांची असताना ऑपरेशन झालं. आमी पेढे वाटले आणि दवाखान्याची वाट विसरलो. आता तिशीत पाय सुजले, दम लागला, तर सगळे बोलले, जाडी झालीय. मीच तिला डॉक्टरकडं ओढत नेली. तो बोलला, ऑपरेशननंतर तपासणी सोडायची नव्हती, हृदय थकलंय, गोळ्या चालू करा, मीठ कमी करा.

मीठ! आमची हयात मिठागरात गेली. तरी सगळ्या घराचं मीठ चिमटीवर आणलं, चिंच-लसूण वाढवला. पहिल्याच दिवशी तिचा बाप बोलला, "आये, हे कालवण हाय का पाणी?"

मी बोलले, "पोरीपेक्षा मीठ लाडकं असेल तर शेजारी जेव." ताट पुढं ओढून जेवला.

आज तपासणीत डॉक्टर बोलला, हृदय आधीपेक्षा चांगलं चालतंय. पण गोळ्या आणि तपासणी कायमची.

घरी आलो तर ही वर पोचून ओरडते, "आजी, अजून दुसऱ्याच मजल्यावर?"

"भवाने, तुझं हृदय सुधारलं, माझे गुडघे नाय!"

तुमच्या घरात लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेलं कुणी हाय का? शेवटचं कधी दाखवलं? आठवत नसेल तर उद्याच न्या. पेढे आमीपण वाटले होते.