शाल, नारळ आणि ऑईलचं झाकण

घर जाळायला आलेल्या माणसालाही आधी चहा पाजावा आणि निघताना ‘काडेपेटी कोरडी हाये ना?’ अशी चौकशी करावी, इतका चांगुलपणा अंगी असलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि माझ्या दुर्दैवानं तो माझा थोरला साडू आहे. लोक म्हणतात, चांगली माणसं आता राहिली नाहीत. राहिली आहेत. त्यांच्याशी सोयरीक झाली की कळतं, ती किती महागात पडतात.

साडूभाऊंची सगळी नोकरी अंकुशनगरकडे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. काट्यावर बसून ज्याच्या नावानं कुणी बोटं मोडली नाहीत, असा माणूस दुर्मिळच. त्यामुळे ते निवृत्त झाले तेव्हा ऊसवाल्यांनी गावोगाव सत्कार केले आणि घरात शालींची एक पत्र्याची पेटी गच्च भरली. दुसऱ्या कुणी त्या शाली थंडीत पांघरल्या असत्या. साडूभाऊंनी त्या परत वाटायला काढल्या. उंबऱ्याच्या आत आलेला माणूस शाल-नारळाशिवाय परत जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. वीज जोडून देणाऱ्या वायरमनचा सत्कार आपण समजू शकतो. पण शेजाऱ्याची समजून यांचीच वीज तोडून गेलेला माणूस माफी मागायला आला, तर त्याचाही केला. अंधारात नारळ सापडेना, म्हणून मोबाईलची बत्ती त्यालाच धरायला लावली. ‘घरी आलेला माणूस रिकाम्या हातानं गेला तर बराबर दिसत न्हाई, साडूभाऊ,’ असं वर मलाच ऐकवलं. माझा स्वतःचा त्या घरात इतक्यांदा सत्कार झाला आहे, की कशाबद्दल ते विचारायचं मी सोडून दिलं.

त्यांच्या पत्नी म्हणजे आक्का, माझ्या बायकोची थोरली बहीण. दर संकष्टीला राजूरच्या गणपतीला जायचं, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. पुढे गुडघे गेले, एसटीची पायरी चढणं बंद झालं आणि नेम मोडला. आक्का कुरकुर करणारी बाई नव्हे. चतुर्थीच्या दिवशी ती ओसरीवर बसायची आणि राजूरच्या दिशेला तोंड करून हात जोडायची. ते साडूभाऊंना बघवेना. त्यांनी निवृत्तीची पुंजी मोडली आणि पांढरी गाडी घेतली.

त्या गाडीचे लाड मी डोळ्यांनी पाहिले आहेत. आत बसायचं ते चपला काढून, आणि चपला एका पिशवीत घालून सीटखाली ठेवायच्या. हॉर्न वाजवणं त्यांना उद्धटपणाचं वाटायचं. ‘माणसाला हाक मारावी, भोंगा काय वाजवायचा?’ असं म्हणून ते काच खाली करायचे आणि पुढच्या उसाच्या ट्रॉलीवाल्याला ओरडायचे, ‘ओ मामा, जरा कडंला घेता का? जल्दी न्हाई, सावकाश घ्या!’ मामा सावकाशच घ्यायचे. मागं वाहनांची रांग लागायची आणि शिव्या मला ऐकू यायच्या. आक्का मात्र मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली असायची, आणि राजूरचं देऊळ लांबून दिसलं की तिचा चेहरा असा काही व्हायचा, की रांगेनं दिलेल्या शिव्या मी गिळून टाकायचो.

मग ती सर्व्हिसिंग झाली. आक्काचे गुडघे जालन्याला डॉक्टरांना दाखवायचे होते, त्याच दिवशी गाडीही शोरूमच्या वर्कशॉपला दिली. त्यांनी इंजिनातलं ऑईल बदललं, गाडी धुतली, पुसली, आत अत्तर मारलं, पैसे मोजून घेतले. फक्त जिथून ऑईल भरतात त्या तोंडाचं झाकण लावायचं विसरले. अंबड मागं पडलं तसा जळका वास यायला लागला. पण हंगामाचे दिवस होते, आणि हंगामात त्या रस्त्याला मळीचा नि धुराचा वास असतोच. उभा जन्म कारखान्यात काढलेल्या माणसाला त्या वासाची काय शंका येणार? बॉनेटमधून जाळ दिसला तेव्हा कुठं त्यांनी गाडी थांबवली. आक्काचा गुडघा वाकेना, ती बाहेर निघेना. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवरच्या ऊसतोड्यांनी तिला उचलून बांधावर बसवलं आणि माती फेकून आग विझवायची खटपट केली. गाडीचा सांगाडा उरला. मी पोचलो तेव्हा दोघं बांधावर अनवाणी बसलेली होती. चपलांची पिशवी गाडीतच गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमधून फोन आला. फार अदबीनं बोलत होते. ‘काका, तुमच्या गाडीचं ऑईलचं झाकण इथंच राहून गेल्तं. वाटेनं आलात तर घेऊन जा.’

मी तो फोन घेतला असता, तर माझी जीभ तरी झडली असती नाहीतर त्यांचा कान. साडूभाऊ म्हणाले, ‘बरं झालं कळवलंत.’

त्यानंतर एका मुलीचा फोन आला. सर्व्हिसिंग कसं वाटलं, दहापैकी किती गुण द्याल? गाडी जळाल्याचं तिच्या गावीही नव्हतं. साडूभाऊंनी विचारलं, कमी दिले तर काय होतं? ती म्हणाली, माझा पगार कापतात. साडूभाऊंनी दहापैकी दहा दिले. ‘तिनं थोडंच झाकण काढल्तं?’ हे त्यांचं म्हणणं. म्हणणं बिनतोडच होतं, पण त्या दहा गुणांनी पुढे आमचा गळा कापला.

भरपाई मागायला गेलो, तर विमावाले म्हणाले, दोष वर्कशॉपचा आहे, त्यांच्याकडून घ्या. वर्कशॉपवाले म्हणाले, मग विमा कशाला काढला होता? आणि झाकणाचं विचारलं, तर झाकण कसलं, असा फोन आम्ही केलाच नाही, तुम्हीच वाटेत कुठंतरी बॉनेट उघडलं असणार! साडूभाऊंची मागणी साधी होती. ‘गाडीची किंमत द्या, अन् आमची चूक झाली म्हणा.’ किंमत ते एकवेळ देतीलही, पण चूक झाली असं म्हणायला त्यांची जीभ वळणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. शेवटी वकील केला आणि ग्राहकांच्या तक्रारी ऐकतात तिथं दाद मागितली.

मग शोरूमचा अधिकारी, साडूभाऊंच्या अंगणात ओढून आणलेला सांगाडा तपासायला येणार असं ठरलं. मी साडूभाऊंना बजावलं, ‘तो शत्रुपक्षाचा माणूस आहे. पाणीसुद्धा विचारायचं नाही.’ ते म्हणाले, ‘बिलकुल न्हाई.’ मला पोचायला जरासा उशीर झाला. अंगणात शिरतो तर काय, जळक्या गाडीच्या सांगाड्यापुढे तो अधिकारी खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन उभा! शेजारी साडूभाऊ हात जोडून हसतायत आणि अधिकाऱ्याबरोबर आलेला माणूस फोटो काढतोय. ओट्यावर फोडणीच्या मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहाच्या रिकाम्या बश्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘अहो, हे काय केलंत?’

‘उन्हातून आल्ते,’ साडूभाऊ म्हणाले. ‘भांडण गाडीचं हाये, साडूभाऊ. पावण्याचं न्हाई.’

सुनावणीत तोच फोटो निघाला. समोरचा वकील हसत हसत म्हणाला, तक्रारदारांनी आमच्या सेवेला दहापैकी दहा गुण दिले, आमच्या अधिकाऱ्याचा घरी सत्कार केला, आता हे असमाधानी कसे? आमच्या वकिलानं आधीच पढवून ठेवलं होतं, फोटो त्यांनी बळजबरीनं काढला असं सांगा. वर बसलेल्या मॅडमनी विचारलं, ‘काका, हा सत्कार तुम्ही स्वतःहून केला?’

‘हो मॅडम.’

‘कशाबद्दल?’

‘घरी आल्ते म्हणून.’

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी पुढची तारीख दिली. कोपऱ्यात बसलेला तो अधिकारी खाली मान घालून बसला होता, तोही हसला नाही.

बाहेर जिन्यावर त्यानं आम्हाला गाठलं. इकडंतिकडं बघत हळू आवाजात म्हणाला, ‘काका, झाकण आमच्याकडंच राह्यल्तं. चूक आमचीच हाये.’ मी त्याचं मनगट धरलं. म्हटलं, हेच आत चलून सांग! तो रडकुंडीला आला. ‘नोकरी जाईल साहेब, लहान लेकरं हायेत.’ साडूभाऊंनी माझी बोटं एकेक करून सोडवली. म्हणाले, ‘सोडा. कुणाच्या पोटावर पाय देऊन गाडीत बसायचं व्हय?’ आणि पुढच्या तारखेच्या आत त्यांनी तडजोडीवर सही केली. ‘कोणतीही चूक मान्य न करता, केवळ सदिच्छा म्हणून’ शोरूमनं दिलेली रक्कम नव्या गाडीच्या दारापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. सोबत मोफत सर्व्हिसिंगची कुपनंही होती. त्या कुपनांचं काय करायचं असतं, हे मी आजही विचारतो आणि मला कुणी सांगत नाही.

सही करून घरी आलो तेव्हा आक्का ओसरीवर वाट बघत बसली होती.

‘काय झालं?’

‘चूक कबूल केली त्यांनी,’ साडूभाऊ म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

‘मंग गाडी?’

‘गाडी... न्हाई.’

मला वाटलं, आता तरी ही बाई बोलेल. वाटलं काय, बोलावंच असं मी मनातून देवाला विनवत होतो. आक्का भिंतीला धरून उठली, लंगडत आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून शाल काढून घेऊन आली. पेटीत ती एकच उरली होती. पुन्हा जागेवर बसून तिनं ती आपल्या गुडघ्यांवर पांघरली.

‘ही आता कुणाला द्यायची न्हाई,’ ती म्हणाली. ‘मी पण याच घरात आलेली हाये.’

साडूभाऊ ओसरीच्या कोनाड्याकडे वळले. मग तिथला नारळ घेऊन आले, आणि पाहुण्यांपुढे वाकतात तसे वाकून त्यांनी तो दोन्ही हातांनी तिच्या पुढे धरला. आक्कानं सवयीनं पदर पसरला, आणि मग तिला हसू आलं. ‘आहो, ओटी बायकांनी भरायची असती!’ हसता हसता तिचे डोळे भरून आले.

नारळ पदरात घेऊन ती राजूरच्या दिशेला वळली आणि तिनं हात जोडले. साडूभाऊ चपला काढून तिच्या शेजारी बसले. त्या घरातल्या इतक्या सत्कारांना मी हजर होतो, पण मनापासून टाळ्या वाजवाव्यात असा तो एकच. त्याचा फोटो काढायचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही.