लोहाराच्या घराण्यातल्या बायका

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तिथून सगळं सुरू झालं. आमच्या पुण्याच्या घरात हा गमतीचा भाग असतो. फोटो निघतो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून जुन्याच नावाने हाका सुरू. माझ्या आत्याचं तांदळातलं नाव तर तिच्या नवऱ्यालाही आठवत नाही. पण माझा नवरा स्कॉटिश. भटजींनी त्याला आणि त्याच्या वडिलांना इंग्रजीत विधी समजावला आणि त्या दोघांनी तो भलताच मनावर घेतला. नवऱ्याने लिहिलं ते त्याच्या खापरपणजीचं नाव. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, टाळ्या वाजल्या. मीही हसले, वेडी.

लग्नानंतर आम्ही इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला सासऱ्यांच्या घरी राहायला आलो. स्वतःचं घर घेईपर्यंतच, असं ठरलं होतं. त्याला दोन वर्षं होत आली. मला गाडी येत नव्हती आणि त्या गावात गाडी न येणारी बाई फार तर पुढच्या चौकातल्या राउंडअबाउटपर्यंत जाऊन परत येते. घरात मला त्या मेलेल्या बाईच्या नावाने हाक मारत. सकाळी जिन्याखालून ते नाव ऐकू आलं की वाटायचं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावताहेत, आपण पडून राहावं. मग आठवायचं की या घरात दुसरी बाईच नाही.

सासूबाई कधीच गेल्या होत्या. सासरे रिटायर झालेले आणि अगदी सज्जन. तो सज्जनपणाच जाचायचा. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. ते आपल्या आडनावाचा इतिहास लिहीत होते. आडनावाचा अर्थ, लोहाराचा मुलगा. सासऱ्यांच्या मते मूळपुरुष क्लॅनच्या, म्हणजे तिकडच्या कुळाच्या, सरदारासाठी तलवारी घडवायचा. मला विचाराल तर तो घोड्यांना नाल ठोकत असणार, पण रविवारी जेवायच्या टेबलावर हे बोलायची सोय नव्हती. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होते, म्हणून वंशवेल कम्प्युटरवर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. उन्हाळ्यात या आडनावाच्या लोकांचा मेळावा होता, त्याआधी पुस्तक छापून हवं होतं. शेवटच्या ओळीत मी होते. नाव खापरपणजीचं, आडनाव लोहाराचं. माझ्या बाबांचा कुठे मागमूस नव्हता.

त्याच सुमारास व्हिसाचा अर्ज भरायचा होता. नवरा म्हणाला, "सगळ्या कागदांवर एकच नाव असलं की सोपं जाईल. आणि डॅडना किती बरं वाटेल!"

मी आईला फोन लावला. "आई, मला नाही गं बदलायचं."

"अगं, मी नाही का बदललं? वर्षभर चुकल्यासारखं होतं, मग सवय होते. एवढ्यातेवढ्यावरून घरात वाद घालू नकोस हं."

तिने मला नाही म्हणायला सांगावं म्हणून मी फोन केला होता. दुसऱ्या दिवशी मी पासपोर्टचा फॉर्म भरला, प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि सगळं लंडनच्या भारतीय वकिलातीत पाठवून दिलं. पोस्टातून घरी येताना रस्ताभर रडले.

काही आठवड्यांनी सासऱ्यांनी स्कॉटलंडहून मागवलेलं पाकीट आलं. त्यात चर्चच्या जुन्या नोंदींच्या प्रती आणि थडग्यांचे फोटो होते. वंशवेल त्यांच्याशी ताडून बघायची होती. खापरपणजीच्या दगडावर तिच्या वडिलांचं आडनाव कोरलेलं होतं आणि त्याखाली, अमक्याची पत्नी. मला वाटलं, कारागिराची चूक. मग बाकीचे कागद चाळले. त्या घराण्यात लग्न होऊन आलेली प्रत्येक बाई स्वतःच्या माहेरच्या आडनावाने नोंदलेली होती, मुलांच्या बाप्तिस्म्यातही आणि मातीतही. त्यांना लोहाराचं आडनाव चिकटवलं होतं ते सासऱ्यांनी, आपल्या वहीत. मला असा काही संताप आला! जिचं नाव मला दिलं होतं, तिने स्वतःचं आडनाव मरेपर्यंत सोडलं नव्हतं.

मी कागद घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले.

"हो, तिकडे पूर्वी तशीच पद्धत होती," ते म्हणाले.

"मग तुम्ही बदललं का?"

"एका घरातली माणसं एका नावाने दिसावीत, असं वाटलं." त्यांनी दगडाचा फोटो जवळ ओढून पुन्हा वाचला. "पण ते चुकलंच माझं. इतिहास म्हणायचा तर कागदावर असेल तेच लिहायला हवं. प्रत्येकीचं नाव तिला परत दे."

त्यांनी चहा करून आणला आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. ते फोटोवरून एकेक आडनाव वाचत होते, मी टाइप करत होते. सात बायका होत्या. एकेक करून त्या लोहाराच्या घरातून बाहेर पडल्या आणि किती दिवसांनी मला मोकळं वाटलं. असं करत आम्ही शेवटच्या ओळीवर आलो.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला आजही मान्य आहे.

"आणि तू? तुझे कागद काय सांगतात?"

नव्या नावाचा पासपोर्ट आदल्याच दिवशी आला होता. मी त्यांना खरं ते सांगितलं.

"मग ते तसंच राहू दे," ते म्हणाले.