हेतलची वही

ईरा, कबीर,

तुमचे आजोबा गेले त्याला पाच आठवडे झाले. फोनवर मी 'शांतपणे गेले' एवढंच सांगितलं. जास्त बोलायचं त्राण नव्हतं, आजही फारसं नाही... पण हेतलबद्दल तुम्हाला ठाऊक असायला हवं.

हेतल त्यांची विद्यार्थिनी. डभोईहून रोज बसने युनिव्हर्सिटीत यायची. सूक्ष्म छिद्रांच्या पदार्थांतून वायूचे रेणू कसे जातात, हा आजोबांचा विषय. तिच्या पदार्थात छिद्राचं तोंड रेणूपेक्षा अरुंद होतं, तरी वायू आत शिरत होता. आजोबांच्या गणितानुसार हे अशक्य. "खिडकी एवढीशी, पाहुणा जाडा! उपकरण गळतंय तुझं. परत कर." तिने तीनदा केलं. "सर, जाय छे. हुं शुं करुं?" वायू जातोय तर मी काय करू, असं ती तिच्या गुजरातीत विचारायची. आजोबांनी तिच्या प्रयोगवहीवर सही केली नाही, वही ठेवून घेतली. प्रबंध अडला. तिने संशोधन सोडलं आणि गावातल्या शाळेत शिकवू लागली. नकाराचं इंग्रजी पत्र मीच टाईप केलं होतं. त्यात एकही चूक नव्हती.

निवृत्तीनंतर हरणी भागातल्या या घरात आजोबांनी ते गणित पुन्हा मांडलं. पूर्वी त्यांनी छिद्रांच्या भिंती स्थिर धरल्या होत्या. आता मोकळ्या सोडल्या. भिंती थरथरत होत्या, तोंड क्षणभर रुंदावत होतं आणि तेवढ्यात रेणू निसटून पुढे जात होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तरी तिला बोलवायला त्यांना कितीतरी वर्षं लागली... मीही आग्रह केला नाही.

गेल्या हिवाळ्यात ती आली. केस पिकले होते.

"तुझं बरोबर होतं," आजोबा म्हणाले. "चूक माझी."

"मने खबर हती, सर. तेव्हापण."

"मग भांडली का नाहीस?"

"तुमच्याशी कोण झगडणार?" तिने हसून माझ्याकडे पाहिलं. "आंटीपण नाय झगडत."

आजोबांनी वही पुढे केली. आदल्या रात्रीपर्यंत कोरी असलेली सहीची जागा त्यांनी सकाळी बसून पानोपानी भरली होती. हेतलने सगळी पानं उलटली.

"आता ही मी कुठे दाखवू, सर?"

तिने चहा संपवला, वाकून नमस्कार केला आणि वही न घेता गेली.

वही अजून त्यांच्या टेबलावर आहे. रोज टेबल पुसताना उचलते, तिथेच ठेवते. सह्या वाकड्यातिकड्या आहेत... तारीख मात्र प्रत्येक सहीखाली त्यांनी हेतल आली त्याच दिवसाची घातली आहे, प्रयोगांच्या वेळची मागची नाही.